जिन्यातली भेट

सन्माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील मान्यवर, क्षयरुग्ण साहाय्य कार्यालयातील ज्येष्ठ सहकारी आणि आजचे सत्कारमूर्ती निरीक्षककाका,

काल-परवा नोकरीला लागलेल्या मुलीने अशा प्रसंगी लेखणी उचलावी, हे धारिष्ट्यच. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. चारचौघांत उभी राहिले की माझी वाचाच बसते. म्हणून हे भाषण लिहून पाठवत आहे. टंकलेखिकाताईंनी ते वाचून दाखवावे.

काकांना आपण लाडाने ‘मोजपट्टी’ म्हणतो. घरात कमावते किती, खाणारी तोंडे किती, हे पाहूनच ते रुग्णाची मदत मंजूर करत. मी शाळेत असताना ते आमच्याही घरी आले. आईला क्षय झाला होता. वडील आदल्या वर्षी दूरगावी कामावर असताना वारले. पण आईने ते मरण मानलेच नव्हते. त्यांचा सदरा ती रोज धुऊन वाळत घाली. ‘घरात कमावता पुरुष नाही’ या ओळीखाली सही करायला तिने साफ नकार दिला. सहीशिवाय मदत नाही, आणि मदत नसेल तर ती औषधे सोडून कामावर जाणार, हे मला दिसत होते.

“बसा ना साहेब, येतीलच ते,” आई म्हणाली.

“वहिनी, नवरे कधी सांगितल्या वेळी आलेत का?” असे म्हणून काका बसले. चांगले दिवेलागणीपर्यंत बसले! कोणत्या नियमात असे बसणे लिहिले आहे, सांगा बरे?

मग जिना वाजला. आईने केस सारखे केले. काका उठून बाहेर गेले, दार ओढून घेतले. आत आम्हा मायलेकींना दोन आवाज ऐकू आले, संथ, दबके. शब्द कळत नव्हते.

काका परतले. “भेट झाली, वहिनी. ते म्हणाले, आता मी इथे राहत नाही.”

आई त्या दिवशी प्रथमच रडली. मग तिने सही केली. मदत मिळाली, औषधे पूर्ण झाली. आज ती ठणठणीत आहे.

गेल्या आठवड्यात धीर करून मी विचारले, “काका, आईसाठी तुम्हीच दोन आवाज काढलेत ना?”

“कसले आवाज, पोरी? जिन्यात कुणीच नव्हतं. वहिनींना काय सांगावं ते सुचेना, म्हणून मी मुकाट उभा होतो.”

“मग ते वाक्य?”

“तेच तर. परत यायला दाराला हात लावला, आणि ते तोंडात तयार होतं.”

काका, वाक्य कुणाचेही असो, आमच्या दारापर्यंत ते तुम्ही आणलेत. त्याबद्दल आम्हा दोघींचे शतशः आभार. लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास सभेने उदार मनाने पोटात घालावे.

पाठवले : शुक्रवार, ३० मे २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.