पुढे मी, मागे चौदा

...नाही, पण मी म्हणतो, असं काय जगावेगळं मागितलं मी? त्रेपन्न वय आहे, गुडघे शाबूत आहेत, मुलगी लग्न करून पुण्याला गेली, मग माणसाने एक मोठी गाडी घ्यावी की नाही? साडेतीनशे सीसीची! विमान नाही मागितलं! आणि तुम्हाला सांगतो, माझी बायको तयार झाली हो... प्रिन्सी! नवीन कुकर घ्यायला जी दोन वर्षं विचार करते, ती एका दिवसात म्हणाली, ‘घे बाबा, तुझी हौस आहे तर घे.’ आणि अडवलं कोणी? तेरा परक्या बायकांनी आणि एका सख्ख्या बहिणीने! चौदा बायका मिळून एका माणसाची गाडी ठरवतात, असं कधी ऐकलंय तुम्ही?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही भलताच विचार कराल. मी स्टॅनी, विरारजवळच्या नंदाखालचा. शाळेची प्रयोगशाळा सांभाळतो, घरामागे थोडी केळी आहेत. आणि एकोणीस वर्षं माझ्याकडे एक मोटरसायकल आहे, सत्त्याण्णव सीसी. शंभर पण नाही हो... शंभरला तीन कमी! त्या कंपनीवाल्यांना विचारावंसं वाटतं, बाबांनो, एवढं केलंत, वरचे तीन टाकायला काय हात दुखत होते?

आता उगाच खोटं कशाला बोलू, गाडी गुणाची आहे. आमच्या वाडीतल्या वाटा तुम्ही पाहिल्या नसतील, दोन कुंपणांच्या मधून बकरी गेली तर कोंबडीने थांबावं अशा. तिथून ही जाते! समोरून फादर आले तर उतरायचं, उचलायची आणि बाजूला ठेवायची. एकट्याने! माझ्या भाच्याची, शेल्डनची गाडी नुसती आडवी झाली तेव्हा चार माणसं लागली आणि त्यातल्या एकाची कंबर अजून दुखते. माझी पेट्रोलला विचारत नाही, चोर हिच्याकडे बघत नाही, आमचा मेकॅनिक आग्नेल हिचं इंजिन बोलता बोलता उघडतो, बोलता बोलता लावतो, एकदा एक नट उरला, म्हणाला, ‘राहू दे, जास्तीचा असेल.’ वर्षभर चालली की त्याच्याशिवाय! आणि पंचेचाळीसच्या वेगाला प्रिन्सी मागे बसून नंदाखाल ते वसई जे बोलते त्यातला एक शब्द वाऱ्याला जात नाही. ते सुख की दुःख ते सोडून द्या.

पण चढ आला की संपलं! विरारच्या पुलावर आम्ही दोघं आणि पुढे केळीचा घड. प्रिन्सी विचारते, ‘उतरू का?’ मी म्हणतो ‘नको’, गाडी म्हणते ‘हो’. बाजूने ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने आम्ही आपोआप डावीकडे वळतो, जायचं असो नसो. साठच्या वर गेलो की आरसा असा थरथरतो, मागे एक टेम्पो असला तर तीन दिसतात आणि तिन्ही हॉर्न वाजवतात. शंभरला तीन कमी, आणखी काय अपेक्षा ठेवणार?

तर, माझी मोठी बहीण डेल्फिन. नवरा बोटीवर, सहा सहा महिने घरात नाही, आणि एकुलता एक शेल्डन, चोवीस वर्षांचा, त्याने पहिल्या बोनसमध्ये घेतली साडेसहाशे सीसीची गाडी. सुरू केली की आमच्या ओटीवरची भांडी बोलायला लागतात! दर रविवारी पहाटे तो आणि त्याचा ग्रुप, गर्जना रायडर्स, चालले जव्हारला, का तर नाश्ता करायला. अरे, नंदाखालला नाश्ता मिळत नाही? डेल्फिन बिचारी शनिवारी चर्चमध्ये संध्याकाळची मिस्सा करायची, रविवारी सकाळी पुन्हा चर्चला जायची, मेणबत्ती लावायची आणि घरी येऊन फोनसमोर बसायची. चहासुद्धा घ्यायची नाही. एकदा पोराच्या मोबाइलवर तिने बघितलं, एकशे चाळीस! त्याने स्वतःच स्पीडच्या काट्याचा फोटो काढून ठेवलेला, शहाण्याने!

झालं! माझ्याकडे आली, घरात आम्ही आमच्या बोलीत भांडतो, तुमच्यासाठी सरळ करून सांगतो. म्हणाली, ‘स्टॅनी, एक तर ती गाडी मी विकते, नाहीतर तू त्याच्याबरोबर जा. तू बघशील तर मी गाडी राहू देईन.’ मी म्हटलं, ‘अगं, मी काय बघणार? तो सुटला की मला त्याची पाठसुद्धा दिसणार नाही!’ तर डोळे पुसायला लागली. डोळे पुसणाऱ्या बहिणीपुढे सांगा कोणाचं चालतं? आणि शेल्डन माझे पाय धरतो, ‘मामा, ये ना रे, नाहीतर मम्मी खरंच विकेल!’ म्हणजे माझी रविवारची सुरमई गेली, दुपारची झोप गेली.

पहाटे साडेपाचला विरार फाट्यावर पोहोचलो. चौदा गाड्या, एकेक घोड्याएवढी! गुडघ्याला ढाली, पाठीला ढाली, आणि मी आपला खाकी स्वेटर घालून, हँडलला डब्याची पिशवी. कोणीतरी मला विचारलं, ‘काका, पाव द्यायला आलात का?’ मी म्हटलं, ‘राइडला आलोय.’ मग त्यांचा कॅप्टन आला, भूपेश, गोखिवऱ्याला त्याचा प्लास्टिकचा गाळा आहे, चाळिशीचा, शिस्तीचा माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाला, ‘किती सीसी?’ मी सांगितलं. ‘शंभर?’ ‘नाही हो... शंभरला तीन कमी.’ म्हणाला, ‘काका, आमचा नियम आहे. सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. मागे ठेवली तर ती चुकते, एकटी पडते. आणि पुढच्याला कोणी ओव्हरटेक करायचं नाही. तुम्ही लीड!’

लीड! तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला कोणी पुढे केलं नव्हतं. लग्नात फोटोमध्येसुद्धा मी जरा बाजूला आहे. आणि त्या दिवशी हायवेला मी पुढे, पंचेचाळीसच्या वेगाने, आणि मागे दोन ओळी करून चौदा राक्षस, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरतायत, दुसऱ्यात टाकतायत, परत पहिल्यात! दुधाचा टेम्पो पुढे गेला. लग्नाची बस पुढे गेली, त्यातल्या बायका हात करत होत्या. मनोरच्या पुढे एक तीनचाकी, मागे वाळकी लाकडं भरलेली... ती पण गेली! मागून शेल्डनचा आवाज, ‘मामा, जरा ओढ ना!’ अरे काय ओढू? शंभरला तीन कमी!

विक्रमगडला चहाला थांबलो तर टपरीवाला धावत बाहेर आला, पेला स्वतः धुतला, म्हणाला, ‘साहेब कुठल्या खात्याचे?’ मी काही बोलायच्या आत त्याच्या आईने मला बाजूला ओढलं, हळूच म्हणते, ‘भाऊ, हे गुंड तुमच्या मागे लागलेत का? आत या, मागच्या दारानं जावा!’ म्हातारीला किती समजावलं तरी तिने पोरांना चहा द्यायच्या आधी माझ्याकडे बघून दोनदा विचारलं, ‘देऊ ना?’

एरवी आठला होणारा नाश्ता दहाला झाला. पोरं चिडली असतील असं मला वाटलं, पण क्षितिजा म्हणून एक मुलगी आहे तुळिंजची, ती म्हणाली, ‘काका, पाच वेळा आले मी, आज पहिल्यांदा मला कळलं रस्त्यात नदी आहे.’ आणि घरी? डेल्फिनने मला बघितलं, पोराला बघितलं, आणि त्या दिवशी दुपारी तिने माझ्यासमोर बसून जेवण केलं. पोटभर. मला फार बरं वाटलं हो.

पण माणसाने बरं वाटल्यावर गप्प बसावं! डेल्फिनने हे भूपेशच्या आईला सांगितलं, तिने क्षितिजाच्या आईला, आणि आठवड्यात चौदा आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! नाव काय, तर ‘स्टॅनीभाऊ पुढे’! शनिवारी रात्री मेसेज सुरू... ‘स्टॅनीभाऊ, उद्या नक्की ना?’ ‘स्टॅनीभाऊ, सर्दी आहे म्हणे, काढा पाठवू का?’ मला ताप आला तर चौदा घरी काळजी, माझी नव्हे, रविवारची! चार महिने झाले, एक रविवार सुटलेला नाही.

आता मधलं एक राहिलं, ते जरा हळू आवाजात सांगतो. तिसऱ्या रविवारी, जव्हारच्या अलीकडे, रस्ता मोकळा, सरळ. चहाला थांबलो होतो, शेल्डन किल्ली पुढे करून म्हणाला, ‘मामा, चालवून बघ ना!’ मी नाही नाही म्हटलं... दोनदा म्हटलं. आणि बसलो. चारच मिनिटं! पण काय सांगू तुम्हाला! मूठ जरा पिळली आणि झाडं मागे पळाली, चढ होता म्हणे तिथे, मला दिसलाच नाही! आरसा स्थिर, मागचा एक टेम्पो एकच दिसला आणि मग तोही दिसेना! मी ओरडत होतो, हेल्मेटच्या आत, एकटाच! उतरलो तेव्हा तोंड काही केल्या मिटेना. शेल्डनला म्हटलं, ‘आईला सांगायचं नाही.’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात मोठी गाडी. प्रिन्सी तयार, शोरूममध्ये जाऊन बसून आलो, काळी की हिरवी एवढंच बाकी. आणि प्रिन्सी आनंदाच्या भरात डेल्फिनला बोलली.

संध्याकाळी आमच्या ओटीवर नऊ आया! उरलेल्या पाच व्हिडिओ कॉलवर, मोबाइल फुलदाणीला टेकवून ठेवलेला. भूपेशची आई सत्तरीची, तिला खुर्ची दिली, ती म्हणते, ‘स्टॅनीभाऊ, तुम्ही मोठी घेतलीत तर पुढे कोण?’ मी म्हटलं, ‘अहो, मी मोठी गाडीसुद्धा पंचेचाळीसनेच चालवेन! गाडी मोठी होईल, माणूस तोच ना?’ बायका जरा नरमल्या. मला वाटलं, जिंकलो! तेवढ्यात डेल्फिनने पर्समधून रोझरीची माळ काढली, माझ्यासमोर धरली, म्हणाली, ‘हिच्यावर हात ठेव आणि सांग. पंचेचाळीस.’

मी हात ठेवला. तोंड उघडलं. आणि... ती चार मिनिटं आठवली हो! ‘हो’ निघेचना! दाराशी शेल्डन उभा, तो वर पंख्याकडे बघतोय. डेल्फिनने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, ‘किती गेला होतास?’

‘एकशे बारा,’ मी म्हटलं.

प्रिन्सीच्या हातातला ट्रे खाली आला. डेल्फिन ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती म्हणाली, ‘मी दोघांसाठी मेणबत्त्या लावायच्या का आता?’ दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

पण मीही माणूस आहे! त्या संध्याकाळी आया उठायच्या आत मी म्हटलं, ‘ठीक आहे, मोठी घेत नाही, दर रविवारी येतो, पण माझी एक अट. परतताना दहा किलोमीटर शेल्डनची गाडी मी चालवणार.’ बायकांनी आपसात विचार केला, पाच जणींना मोबाइलवर विचारलं. डेल्फिन म्हणाली, ‘चालव. पण नियम तो नियम. त्या दहा किलोमीटरला तुझी गाडी शेल्डन चालवेल, आणि तो पुढे.’

तेव्हापासून दर रविवारी साडेसहाशे सीसी माझ्या बुडाखाली असते. आणि पुढे शेल्डन, माझ्या गाडीवर, मांडीवर माझी डब्याची पिशवी... मी मागून ओरडतो, ‘अरे शेल्डन, जरा ओढ ना!’ आणि तुम्हाला सांगतो, तो मेला चाळीसच्या वर नेतच नाही!