शिवपादम सरांची शाल आणि माझी पाच मिनिटं

...आणि वर म्हणतात काय, तर आजकालच्या पोरांना थोडक्यात बोलता येत नाही. कोण म्हणतं? शिवपादम सर म्हणतात, ज्यांनी मला थोडक्यात कसं बोलावं हे समजावून सांगायला अडीच तास घेतले. मोजलेत मी. डोनटच्या दुकानात बसलो होतो, दुकानातल्या बाईनं आमच्या पायांभोवती दोनदा फडकं मारलं, तिसऱ्यांदा म्हणाली पाय वर घ्या, सरांनी पाय वर घेतले आणि तसेच अधांतरी पाय ठेवून बोलत राहिले. "मुली, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं. ज्याला पाच मिनिटांत सांगता येत नाही, त्याला दोन तासांतही सांगता येत नाही." हे वाक्य त्या दिवशी चारदा झालं, आणि चारही वेळा सरांच्या चेहऱ्यावर असा भाव, की आत्ताच सुचलं.

तुम्हाला सांगते, माझं नाव सिंधुजा, आम्ही कॅनडातल्या स्कारबरोचे, मूळचे लंकेचे तमिळ, आणि मी अकाउंटिंगचं तिसरं वर्ष अर्ध्यात सोडलंय. घरी 'सोडलं' म्हणत नाहीत. कुणा नातेवाइकानं विचारलं की अम्मा सांगते, "तिची तब्येत जरा बरी नसते." दीड वर्ष माझी तब्येत बरी नाहीये, आणि दर शनिवार-रविवार मी खांद्यावर कॅमेरा घेऊन कुगन मामाबरोबर लग्नं शूट करत असते, तीही त्याच नातेवाइकांची. अशा मोठ्या माणसांमध्ये मी वाढले. खोटं नीट बोलतात म्हणावं, तर तेही नाही.

मला सिनेमा करायचाय. वीस मिनिटांचा. आणि आमच्या इथे परदेशात वाढलेल्या भारत-लंका-पाकिस्तान-बांगलादेशच्या पोरांसाठी एक असोसिएशन आहे, तिची स्पर्धा असते. स्टेजवर उभं राहायचं, पाच मिनिटांत आपल्या सिनेमाची गोष्ट सांगायची, तीन परीक्षक, पहिल्या नंबराला दहा हजार डॉलर आणि दहा दिवस कॅमेरा-लाइट फुकट. पाच जण निवडतात, आणि प्रत्येकाला सहा महिने एक मार्गदर्शक लावून देतात. माझ्या वाट्याला शिवपादम सर. सरांनी सत्त्याण्णव साली एक सिनेमा केला होता. दिग्दर्शक स्वतः, नायक स्वतः, गाणी स्वतःची. देवळाच्या तळघरात दोन रविवार चालला. त्या दोन रविवारांवर आजतागायत मार्गदर्शन सुरू आहे.

आणि अप्पांनी सौदा केला होता. अप्पा शाळेची बस चालवतात, बोलणं कमी. म्हणाले, "जिंकलीस तर कर तुझा सिनेमा. हरलीस तर सप्टेंबरमध्ये गपचूप कॉलेज." अप्पा सौदा मोडत नाहीत हो. मासळीवाल्याशी केलेलासुद्धा मोडत नाहीत. म्हणजे माझ्याकडे काय होतं? पाच मिनिटं.

गोष्ट सांगितली सरांना. एका लग्नाचं शूटिंग पुसलं जातं. सगळं लग्न, होम, ताली म्हणजे आमचं मंगळसूत्र, जेवणं, सगळं. व्हिडिओवाला पाया पडून दोन्ही घरांना राजी करतो की मंगळवारी पुन्हा लग्न लावू, तोच हॉल, तीच साडी. आणि तोवर नवरा-नवरीचं कडाक्याचं भांडण झालेलं. सर डोळे मिटून ऐकत होते. मग डोळे उघडून म्हणाले, "छान. पण युद्ध कुठंय?"

"सर, ही लग्नाची गोष्ट आहे."

"असू दे. लग्नाच्या मागे युद्ध दाखव. आपल्या लोकांकडून परीक्षकांना युद्ध लागतं."

माझ्या अप्पांनी लंकेतलं ते युद्ध पाहिलंय. टीव्हीवर कुणी जोरात दार आपटलं तरी ते चॅनेल बदलतात. त्यांना संध्याकाळी घरी येऊन हसायचं असतं, बास. आणि ज्यांनी युद्धाच्या दहा वर्षं आधीच विमान पकडलं, त्या सरांना माझ्या लग्नात युद्ध पाहिजे! मी मान हलवली, वहीत 'युद्ध' लिहिलं, आणि घरी येऊन खोडलं. सहा महिने हेच. पण एक गोष्ट मी स्वतःच शिकले. रोज आरशासमोर, घड्याळ लावून. सात मिनिटं, सहा, साडेपाच, आणि शेवटी चार मिनिटं बावन्न सेकंद. त्याच्या पुढे एक शब्द नाही.

आला तो रविवार. दुपारी तीनचा कार्यक्रम. सहाला हॉल सोडायचा, कारण सहाला तिथे कुणाच्या तरी मुलीचा पहिला वाढदिवस. तीनचा कार्यक्रम सुरू झाला चारला. का? तर मटण रोल यायचे होते. मग दिवा. एका दिव्याला पाच वाती आणि पाच ज्येष्ठ, एकेकाला माइकवर नाव घेऊन बोलवायचं, आणि वर एसीचा झोत, एक वात लागली की दुसरी विझते. मग शाली. आमच्यात मोठ्या माणसाला स्टेजवर बोलावलं की शाल घालावीच लागते, आणि जो घालतो त्यानं त्यांच्याबद्दल 'दोन शब्द' बोलायचे. सहा शाली होत्या. मी मोजत होते, दुसरं काय करणार? सगळ्यात छोटे दोन शब्द नऊ मिनिटांचे होते.

चार शाली झाल्या आणि अध्यक्ष ढिल्लों अंकलनी मनगटाकडे बघितलं. "वेळेअभावी आपण स्पर्धकांना पाचऐवजी तीन मिनिटं देऊया. पोरं हुशार आहेत, करतील." पहिली स्पर्धक हरलीन. केलं बिचारीनं. तिसऱ्या मिनिटाला, वेळ बघायला बसवलेल्या नसरीन आंटीनं घंटी वाजवली, पितळेची, पूजेची असते तेवढी, हरलीनच्या नायिकेनं नुकतं कुठे दार उघडलं होतं. दुसरा आणि तिसरा आला, त्यांना दीड-दीड मिनिट. घंटी, घंटी. मग पाचवी शाल, मंदिराच्या कोषाध्यक्षांना. अकरा मिनिटं. तेव्हा आंटी घंटी मांडीवर ठेवून रोल खात होती. मग ढिल्लों अंकल काय म्हणाले असतील? "राहिलेल्या दोघांनी जागेवरच उभं राहून आपलं नाव आणि सिनेमाचं नाव सांगा. टाळ्या."

मी उभी राहिले. नाव सांगितलं. खाली बसले. सहा महिने, तुम्हाला सांगते, सहा महिने, आणि तीन सेकंद. तिसऱ्या रांगेतून अप्पांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, तेच तर. बसमध्ये शेवटच्या सीटवर झोपलेलं पोर सापडल्यावर बघतात तसं. मला सप्टेंबर दिसला.

तेवढ्यात माइकवर नाव. "शेवटची शाल, आपले शिवपादम सर. शाल घालेल त्यांची शिष्या सिंधुजा, आणि बोलेल दोन शब्द."

आता बघा हं. मी चार वर्षं लग्नं शूट केलीत. मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. शालीसाठी वाकलेला माणूस फोटो निघाल्याशिवाय मान वर करत नाही. आणि मोठ्यांची स्तुती चालू असताना घंटी वाजत नाही. त्या हॉलमध्ये पाच मिनिटं मिळण्याची ती एकच जागा होती, आणि अंकलनी स्वतःच्या हातानं मला तिथे उभं केलं होतं.

मी शाल उघडली, दोन्ही हातांत उंच धरली. सर वाकले. समोर कुगन मामाचा कॅमेरा. मी म्हटलं, "शिवपादम सरांनी मला शिकवलं, की गोष्ट एका माणसापासून सुरू होते." टाळ्या. "तर एक माणूस आहे, लग्नाचे व्हिडिओ काढणारा, आणि रविवारी रात्री त्याच्या लक्षात येतं की कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं आहे." अंकल पुढे सरकले. मी म्हटलं, "हे सरांचंच मार्गदर्शन." पुन्हा टाळ्या, अंकल मागे. आंटीनं घंटी उचलली, सरांकडे बघितलं, खाली ठेवली. मी सुटले. मंगळवारचं लग्न सांगितलं. नवरा-नवरी एकमेकांशी बोलत नाहीत, निरोप भटजींमार्फत, "त्याला म्हणावं अंगठी नीट घाल", "तिला म्हणावं बोट सरळ धर". पाहुण्यांना माहीत आहे की हे खोटं लग्न आहे, म्हणून कुणी सोंग करत नाही. पहिल्या लग्नात जेवणाची तारीफ करणारी आत्या आता सरळ सांगते की भात कच्चा होता. नवरीचा बाप, जो पहिल्या लग्नात कडक उभा होता, तो आता रडतो, कारण हे काही खरं नाही ना. "खऱ्या लग्नात सगळे खोटं वागले," मी म्हटलं, "आणि खोट्या लग्नात सगळे खरं." खाली सरांची मान थरथरत होती. "मुली, शाल," ते पुटपुटले. "सर नेहमी म्हणतात घाई करू नकोस," मी माइकमध्ये म्हटलं. टाळ्या. शेवटी सांगितलं की हे शूटिंग पुसलं कुणी. मी पुसलं. गेल्या मे महिन्यात, कुगन मामाचं, बटण चुकून. कॅमेऱ्यामागून मामाचा आवाज आला, "काय?" त्याला आत्तापर्यंत वाटत होतं की कार्डच खराब होतं.

आणि अप्पा हसले. आधी खांदे हलतात त्यांचे, मग बऱ्याच वेळानं आवाज येतो. आला.

चार मिनिटं बावन्न सेकंद. घातली शाल. फोटो. सरांनी एक हात मानेवर धरून दुसऱ्या हातानं माइक घेतला, म्हणाले, "थोडक्यात बोलणं हे मीच तिला शिकवलं," आणि त्यावर वीस मिनिटं बोलले. तोवर वाढदिवसवाले फुगे घेऊन आत आले, आणि निकाल लागला तो गुलाबी फुग्यांच्या खाली उभं राहून. पहिली मी. का नाही येणार? परीक्षकांनी अख्खी गोष्ट एकच ऐकली होती. ही काय शर्यत झाली? बाकी चौघांच्या चपला लपवायच्या आणि मग म्हणायचं पळा! म्हणून मी त्याच दिवशी पार्किंगमध्ये चौघांना गाठलं. हरलीन कॅमेरा करतेय, बाकी तिघंही आहेत, आणि पुढचा सिनेमा हरलीनचा, युनिट हेच. परीक्षक विचारोत नाहीतर न विचारोत. कुगन मामा माझ्याशी बोलत नाही, निरोप अम्मामार्फत येतात.

एकच अडचण. नियम असा, की बक्षिसाबरोबर मार्गदर्शकही राहतो. सर रोज येतात. त्यांना सिनेमात काम पाहिजे. मी दिलं. लग्नात शालीसाठी मान वाकवून उभे असलेले काका, संवाद नाही. सर म्हणाले, संवादाशिवाय पात्र उभं राहत नाही. किती संवाद पाहिजे, सर? "जास्त नाही, मुली. पाच मिनिटं."

माझा अख्खा सिनेमा वीस मिनिटांचा आहे.

मी तडक नसरीन आंटीकडे गेले, म्हटलं, आंटी, शूटिंगपुरती ती घंटी द्या. आंटीनं लगेच कपाटातून काढली, रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवली, आणि म्हणाली, "ने बाई. पण एक सांगून ठेवते, ही फक्त पोरांवर वाजते. मोठ्यांवर वाजतच नाही. सोळा वर्षं हातात धरून बघितलीय."