सात नंबर आणि बारा नंबर

रक्त तपासून घ्यायला आलेल्या शिवणवाल्या मावशींच्या शेजारी बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. समोर स्ट्रेचरवर त्यांची आई. मावशी कान देऊन ऐकत होत्या, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

“आईची बारा नंबरची खाट खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आणि त्यांची सात नंबरची आईला. यात अडलंय कुठे?”

“ताई, वरच्या सिस्टरने कम्प्युटरवर बारा नंबर अडवून धरलाय आणि ती सात मागतेय. खालच्या सिस्टरने सात धरलाय, ती बारा मागतेय.”

“मग एकीने सोडावा की.”

“काम पुरं झाल्याशिवाय सुटत नाही. शेवटी वाट बघून कम्प्युटर दोघींचंही काम रद्द करतो. म्हणतो, एक मिनिट थांबून पुन्हा करा.”

“मग?”

“दोघीही बरोबर एकच मिनिट थांबतात.”

“म्हणजे परत तेच?”

“पाचव्यांदा.”

“तू कम्प्युटरवाला ना? सांग की काहीतरी.”

“सांगितलं. म्हटलं, एकीने करा, दुसरीने थांबा. दोघी म्हणाल्या, बरं, मी थांबते.”

“आणि?”

“थांबल्यात.”

“कठीण आहे. बरं, तू सकाळपासून उपाशी आहेस. खाऊन ये, मी आईपाशी बसते.”

“तूही उपाशीच आहेस. तू जा, मी बसतो.”

“तू आल्याशिवाय मी नाही जायची.”

“मग मीही नाही.”

दोघंही जागचे हलले नाहीत. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

स्ट्रेचरवरून आवाज आला, “दोघंही जा रे. मी काही कुठं जात नाहीये.”