एकदा सांगितलेलं परत नाही

नेब्रास्कातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची सहा-सात वर्षांची नात बसली होती. आजीला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं.

“आजोबा, तुम्ही लबाडी करता.”

“मी? काय केलं, टर्झा?”

“रात्री बायबल वाचून झालं की घरातल्या प्रत्येकानं देवानं घडवलेली एकेक गोष्ट सांगायची, आणि तीच परत नाही. नियम तुमचाच. आणि तुम्ही रोज आजीच सांगता!”

“खोटं. सोमवारी तिचं नाक सांगितलं, मंगळवारी हसणं, काल कोपर.”

“कोपर कुणी सांगतं का? बाबांनी अख्खा सूर्य सांगितला.”

“सूर्य काय, सगळ्यांनाच आहे.”

“आज काय सांगणार?”

“डोळे. आजसाठी मुद्दाम ठेवले होते.”

“आणि तिला नाहीच दिसलं तर?”

“तरी घडवले त्यानंच ना?”

“…आजी तुमचं काहीच सांगत नाही. नुसत्या भाज्या सांगते.”

“हो ना. काल तर भोपळा!”

“मग आज मी आजोबा सांगते.”

“अख्खा?”

“छे! आज फक्त टक्कल. बाकीचं पुरवून पुरवून वापरायचंय.”