अकरा चाळीसची ओळ

दिनांक १२ जुलै २०२४, शुक्रवार. ठिकाण: पोलीस ठाणे, धार. लिहिण्यास सुरुवात दुपारी १२.४०.

नाव: हर्षित बळवंतराव जगदाळे. वय: २२ वर्षे. धंदा: कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरी, संस्थांच्या वेबसाइटी सांभाळणे. शिक्षण: इंदूरला इंजिनियरिंग, तिसऱ्या वर्षापर्यंत. राहणार: राधागंज, देवास.

मी समक्ष बसून, कोणी दम न देता, सकाळपासून पोटात एक कचोरी असताना, स्वतःच्या हाताने लिहून देतो की,

इथले हेड कॉन्स्टेबल, म्हणजे हेडसाहेब, श्री. तुकाराम यांनी मला मराठीत लिहायला सांगितले आहे. कारण विचारता म्हणाले, "हिंदी में तू लड़ता बहुत है, भिया." माझी शाळा हिंदीत झाली. मराठी बोलणे घरचे आहे. लिहिणे मात्र गेल्या सहा महिन्यांत शिकलो. कोणाकडून, ते खाली येईल.

धारमध्ये महाराष्ट्रीय स्नेहवर्धक मंडळ आहे. त्यांच्या वेबसाइटवर लग्नाच्या मुलामुलींची यादी असते. चिटणीस भैयासाहेब हे या प्रकरणात फिर्यादी आहेत. वेबसाइट त्यांच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरूनच चालते. जानेवारीपासून तिची देखभाल आमच्या दुकानातर्फे मी देवासहून करतो.

भैयासाहेबांनी तक्रारीत "देवासला बसून आमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसला" असे लिहिले आहे. हे खोटे आहे. माझ्याकडे एक टेक्स्ट एडिटर आहे. त्यात धारचा पत्ता आणि मंडळाने स्वतः दिलेला पासवर्ड टाकला की तिकडचे फोल्डर माझ्या स्क्रीनवर डाव्या हाताला येऊन बसते. माझ्या स्वतःच्या फोल्डरांच्या खाली, त्याच पिवळ्या रंगात. फाइल उघडली की एडिटर ती तिकडून आणतो, सेव्ह केली की तिकडे नेऊन ठेवतो. मधले शंभर किलोमीटर दिसत नाहीत. मलाही कधी दिसले नाहीत, चूक असलीच तर ती तिथे आहे.

हेडसाहेबांनी विचारले, "मतलब चाबी इन्होंने दी थी?" मी हो म्हणालो. "तो घुसा कहाँ? आता-जाता था बोल." हे त्यांचे शब्द आहेत, भैयासाहेबांसमोर बोलले आहेत, म्हणून लिहिले.

यादीची फाइल अशी आहे. एका ओळीत एक स्थळ. नाव, जन्मतारीख, उंची, गोत्र, शिक्षण, अपेक्षा, मध्ये स्वल्पविराम. ज्या ओळीच्या सुरुवातीला # ही खूण असते ती वेबसाइटवर दिसत नाही. ती काम करणाऱ्यांनी एकमेकांना सूचना लिहिण्यासाठी असते. काम करणारे दोघे होते. एक मी. दुसऱ्या कुमारी श्रिया चिंतामणी दप्तरदार, राहणार धार, ज्या मंडळाच्या कार्यालयात त्याच कॉम्प्युटरसमोर बसतात. त्यांचे वय मला माहीत नाही. यादीत नाव असते तर कळले असते.

त्यांना मी एकदाच भेटलो आहे, १० जानेवारीला, कॉम्प्युटर बसवताना. त्यांनी विचारले, "इंजिनियर का?" मी म्हणालो, "अर्धा." त्या म्हणाल्या, "कुठला अर्धा?" उत्तर परतीच्या बसमध्ये सुचले, पण तोपर्यंत घाटाबिल्लोद आले होते.

२ फेब्रुवारीला फाइलमध्ये ओळ दिसली: "# देवासवाले, सतराव्या ओळीत स्वल्पविराम जास्त पडला आहे. एका मुलाची उंची गोत्रात गेली आहे." मी दुरुस्ती केली आणि खाली लिहिले, "# झाली." त्या दिवसापासून १० जुलैपर्यंत अशा ओळी एकूण किती झाल्या ते मोजलेले नाही. हेडसाहेबांनी खरे लिही म्हटल्यावरून दुरुस्त करतो: बाराशे सहा. मजकूर कामाचाच असे. काम म्हणजे माझी मराठी, त्यांच्याकडचा पाऊस, देवासला टेकडीवर गर्दी किती, भैयासाहेब चहात साखर किती घालतात वगैरे. एप्रिलमध्ये मी फोन नंबर मागितला. त्यांनी लिहिले, "# नंबर मागणारे पुष्कळ आहेत. इथे लिहिणारे तुम्ही एकटे." मी पुन्हा मागितला नाही.

फोल्डरात याद्यांच्या फाइली जातीप्रमाणे वेगवेगळ्या आहेत. त्यांचे नाव एका फाइलमध्ये येईल, माझे कधी आले तर दुसरीत. हे फक्त माहितीसाठी लिहिले आहे.

काल दि. ११ जुलै रोजी १०.२० ला त्यांनी लिहिले, "# घरून माझे नाव यादीत घालायला सांगितले आहे. पुण्याचे एक स्थळ विचारत आहे. आज घालते. तुमचे काही म्हणणे असल्यास बारापर्यंत लिहावे."

मी तेव्हा एका वकिलाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सोडवत होतो. ११.०५ ला दुकानात येऊन वाचले. ११.०५ पासून ११.५० पर्यंत उत्तर लिहिले. अडतीस ओळी झाल्या. मध्ये एकदाही सेव्ह केले नाही. पहिल्या ओळीला # घातली, पुढे घालायचे भान राहिले नाही. त्या अडतीस ओळींत मी त्यांना पहिल्यांदा "तू" म्हटले.

११.५० ला सेव्ह दाबले. एडिटरने एक चौकट पुढे आणली. इंग्रजीत होती, अर्थ असा की ही फाइल मध्यंतरी दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे, वेळ ११.४०, आता काय करायचे. तीन बटणे होती. तिकडची फाइल पुन्हा आणा. फरक पाहा. आहे त्यावर लिहा. मी चौकट वाचली नाही. मला तेव्हा कोणी मध्ये बोललेले चालणार नव्हते, एडिटरनेसुद्धा. तिसरे बटण दाबले.

बटण दाबल्यावर चौकटीत काय होते ते डोक्यात आले. उशीर झाला होता.

१२.०२ ला त्यांची ओळ आली: "# मी ११.४० ला लिहिले होते. तुम्ही वाचले नाही. त्यावरच लिहिले." मी लिहिले, "# काय लिहिले होते?" त्यांनी लिहिले, "# एकदा लिहिले." त्यानंतर मी अकरा वेळा विचारले. उत्तर नाही.

हेडसाहेबांनी विचारले की जुनी कॉपी राहत नाही काय. राहते. एडिटरमध्ये तशी सोय आहे, पण तिच्या सेटिंगमध्ये खुणा दोन ठिकाणी करायच्या असतात, एक आपल्याकडच्या फाइलींसाठी आणि एक लांबच्या फाइलींसाठी. मी पहिलीच केली होती. ते फोल्डर मी लांबचे धरलेच नव्हते.

दरम्यान बिनखुणेच्या सदतीस ओळी वेबसाइटवर गेल्या होत्या. यादीत चाळीस स्थळे होती, सत्त्याहत्तर झाली. स्वल्पविराम जिथे पडले तिथे वेबसाइटने रकाने पाडले. एकेचाळिसावे स्थळ असे दिसत होते. नाव: तुला काय वाटते. जन्मतारीख: मी इथे बसून टाळ्या वाजवू. उंची: पुणे काय चंद्रावर आहे. गोत्र: खड्ड्यात गेली तुमची यादी. शिक्षण: अर्धे तर अर्धे. अपेक्षा: फक्त एकदा समोर येऊन सांग.

हे मला भैयासाहेबांच्या तक्रारीवरून कळले. त्यांना कन्नौदच्या कृष्णाजींच्या फोनवरून कळले. कृष्णाजी आपल्या नातीसाठी रोज यादी पाहतात. ते फोनवर म्हणाले, "एकेचाळीस नंबरचा मुलगा तापट दिसतो, पण मनातले बोलतो. हल्लीची मुले बोलतच नाहीत. पत्रिका पाठवा." भैयासाहेबांनी यादी उघडली आणि त्यांना घाम आला. १२.४० ला पासवर्ड बदलला गेला. माझ्या स्क्रीनवरून डाव्या हाताचे ते फोल्डर नाहीसे झाले. बाकीची सगळी फोल्डरे जागेवर होती.

आज सकाळी ६.३० च्या बसने इंदूर आणि तिथून धार. १०.३० ला मंडळात पोचलो. कुमारी दप्तरदार आल्या नव्हत्या. भैयासाहेब स्वतः कॉम्प्युटरवर वधूवर मेळाव्याची पत्रके टाइप करत होते.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. फाइलवर दुसरे लिहिले गेले तरी जुना मजकूर लगेच मरत नाही. डिस्कवर कुठेतरी पडून राहतो, मोकळी जागा म्हणून. नवीन काही लिहिले की त्यातले कुठलेही त्या जागेवर येऊ शकते. म्हणजे भैयासाहेब जी पत्रके सेव्ह करत होते, त्यांतले कुठले तिच्या ओळीवर बसेल याचा नेम नव्हता. मी म्हणालो, "भैयासाहेब, हात बाजूला घ्या, काही लिहू नका." ते म्हणाले, "बाळ, मेळावा रविवारी आहे." मी पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "आधी नमस्कार तरी कर." आणि सेव्ह केले.

मी प्लग ओढला.

नंतर मी कॉम्प्युटरचा डबा उचलला, इंदूरला नेऊन जाणकार माणसाकडून ओळ काढून घेण्यासाठी. भैयासाहेबांनी दुसऱ्या बाजूने धरला. तक्रारीत मारहाण लिहिली आहे, ती झालेली नाही. आम्ही दोघे डबा धरून सुमारे दहा मिनिटे उभे होतो. मध्ये त्यांना दम लागला म्हणून मी डबा धरला आणि ते खुर्चीवर बसले, मग पुन्हा उठून धरला. एक कप फुटला, तो माझ्या कोपराने. समोरच ठाणे असल्यामुळे हेडसाहेब आवाज ऐकून आले.

हेडसाहेबांनी विचारले, "चोरी क्या हुई?" मी सांगितले, एक ओळ. "किसकी?" कुमारी दप्तरदारांची. "चोर कौन?" मी. "और इस चोरी की रिपोर्ट कौन लिखवा रहा है?" मीच. ते म्हणाले, "फरियादी भी तू, मुल्जिम भी तू, तो भिया मैं क्या करूँ, छुट्टी पे जाऊँ?" माझी मागणी एवढीच की तो डबा जप्त करून, प्लग न लावता, तज्ज्ञाकडे पाठवावा. शिक्षा काय द्यायची ती द्यावी. ती ओळ चांगली असेल असे माझे म्हणणे नाही. मला शिव्या असतील तर शिव्या. पण ती मला लिहिली होती आणि मी वाचली नाही.

जबाब इथे संपवून १.५० ला दिला.

पुढील मजकूर २.३० नंतर, हेडसाहेबांच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

२.०५ ला कुमारी दप्तरदार साक्षीसाठी ठाण्यात आल्या. त्यांना भैयासाहेबांनी बोलावले होते. माझ्याकडे पाहिले नाही. हेडसाहेबांनी कागद हातात घेऊन दोन ओळी वाचल्या, डोळ्यांपासून लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि त्यांच्या हातात दिला. "बेटी, इसकी लिखावट मेरे बस की नहीं. ज़ोर से पढ़, सबको सुनना पड़ता है, कायदा है."

त्यांनी नावापासून सगळा वाचला. सभेचा वृत्तांत वाचावा तशा आवाजात. बाराशे सहाला हेडसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले. एकेचाळिसाव्या स्थळापाशी भैयासाहेब म्हणाले, "श्रिया, तेवढे सोड." त्या म्हणाल्या, "जबाब आहे, काका. सोडता येत नाही." आणि सगळे रकाने वाचले, गोत्रासकट. प्लगच्या ओळीपाशी थांबल्या, पाणी मागितले, प्यायल्या, आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. कोणी सांगितले नव्हते.

वाचून झाल्यावर हेडसाहेबांनी मला विचारले, "सही है?" मी हो म्हणालो. भैयासाहेबांना विचारले. ते म्हणाले, "दहा मिनिटे नाही, पाचच. बाकी बरोबर. कॉम्प्युटर लावून दिला तर तक्रार चालवायची नाही. फक्त कृष्णाजींना काय कळवू ते कोणीतरी सांगा, ते पत्रिकेसाठी दोनदा फोन करून चुकले."

कुमारी दप्तरदार म्हणाल्या, "कळवा, ते स्थळ यादीत नाही." मग हेडसाहेबांना म्हणाल्या, "यात एक राहिले आहे. मी लिहू का?" हेडसाहेबांनी पेन दिले. त्यांनी खालील मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे:

"अकरा चाळीसला लिहिले होते ते असे. बाराची वाट पाहत नाही. नाव घातलेले नाही, घालणार नाही. रविवारी मेळाव्यानंतर घरी येऊन बाबांशी बोलावे. आवाज खाली ठेवावा. श्रिया दप्तरदार."

हेडसाहेबांनी मला विचारले, "इस पर कुछ कहना है?" मला पुष्कळ म्हणायचे होते. पेन हातात होते, कागदही शिल्लक होता. मी आधी ते पूर्ण वाचले. मग पुन्हा वाचले.

म्हणणे काही नाही. वरील जबाब माझ्यासमोर, सर्वांना ऐकू जाईल असा वाचला गेला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि त्याखाली लिहिलेलेही मला कबूल आहे. त्या ओळींना धक्का लागू नये म्हणून खाली चार बोटे जागा सोडून सही करतो.

हर्षित बळवंतराव जगदाळे