पुढे नवे, मागे जुने

(भोपाळ, अरेरा कॉलोनी. रविवारची सकाळ. घरापुढे जॅकवर चढवलेली एक जुनी सेडान. सव्वीस वर्षांची अमृता, तिची आई शालिनी आणि वडील जयंत. आईवडील दोघंही नोकरीतून निवृत्त झालेले.)

जयंत : चारही टायर नवे घाल, एवढंच माझं म्हणणं आहे.

अमृता : बाबा, चारही नवे घातले तर ही घसरणारच नाही. आणि मला तिला घसरवायचंच आहे.

शालिनी : मुद्दाम?

अमृता : मुद्दाम. ड्रिफ्टिंग म्हणजे तेच ना. वळणावर मागची बाजू सुटते, गाडी तिरकी होते, आणि ती तशीच तिरकी सांभाळत न्यायची. रोडवर नाही गं. मंडीदीपच्या पुढे एक बंद मैदान घेतलंय आमच्या क्लबने. हेल्मेट लागतं, शिकवायला विक्रांतसर असतात. म्हणून तर ही गाडी घेतली, हिची ताकद मागच्या चाकांना जाते.

शालिनी : आणि काल दुकानात त्या चकचकीत रिम बघून ठेवल्या होत्यास, त्यांचं काय झालं?

अमृता : सर नको म्हणाले. अलॉय रिम कशावर आपटली की तडकते, मग खेळ खतम. लोखंडी वाकली तर ठोकून सरळ होते. म्हणून मूळच्याच मापाच्या, चौदा इंची, दोन जास्तीच्या कबाडीकडून आणल्या. रुंद टायरही नको म्हणाले. एवढ्याशा इंजिनाच्याने ते जागचे सुटतच नाहीत.

शालिनी : या दोन रिमवर चढवलेत ते टायर तर पार गुळगुळीत झालेत.

अमृता : ते मागे लावायचे. झिजलेले चालतात. फक्त चिरा नकोत, तार दिसायला नको आणि रबर चढवून नवे केलेले तर अजिबात नकोत, वरचा पट्टाच सुटून येतो. पुढे मात्र चांगले हवेत. सीधी बात आहे, पुढच्यांनी रस्ता धरला पाहिजे, मागच्यांनी सोडला पाहिजे.

जयंत : आणि मंडीदीपपर्यंत अशीच नेणार आहेस गाडी?

अमृता : नाही हो. रस्त्यावर मागेसुद्धा चांगलेच. मैदानात पोचल्यावर बदलायचे, निघताना परत काढायचे. सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दम दिला. पुढे नवे, मागे जुने असे टायर लावून कोणी रस्त्यावर दिसला तर माझ्याकडे यायचं नाही, म्हणाले.

शालिनी : का?

अमृता : मैदानात जे मुद्दाम करायचं, ते रस्त्यावर आपोआप होतं ना. सुक्यात निदान जोर लावावा लागतो. ओल्यात काहीच करावं लागत नाही. वळणावर ॲक्सिलरेटरवरून नुसता पाय उचलला तरी मागची बाजू फिरून पुढे येते.

जयंत : चहा टाकू का कोणाला?

शालिनी : राहू द्या हो चहा. अमृता, त्याला वेग किती लागतो?

अमृता : पाणी साचलेलं असेल तर पन्नासही खूप झाले. का गं?

शालिनी : माझा पन्नासच होता.

अमृता : कधी?

शालिनी : तू पाच वर्षांची होतीस तेव्हा. होशंगाबादहून परत येत होतो. ह्यांना ताप होता म्हणून मी चालवत होते, हे शेजारी. मागे सुचेताआत्या आणि तिच्या मांडीवर तू. पाऊस नुकताच थांबला होता. मिसरोदच्या अलीकडे वळण आलं, मी पाय उचलला आणि गाडी मागून निघालीच. मी स्टिअरिंग फिरवतेय एकीकडे आणि समोर काचेतून शेत दिसतंय भलतीकडचं, एवढंच आठवतं. मग खड्डा. तुला ओरखडासुद्धा आला नाही. आत्याने तुला सोडलं नाही, म्हणून तिचा हात दोन ठिकाणी मोडला.

अमृता : ते माहिती आहे मला. आत्या सांगते ना, वहिनीने गाडी उडवली म्हणून.

शालिनी : मीही तेच धरून चालले. हवालदाराने कागदावर 'तेज गति' लिहिलं. तुझ्या आजोबांनी नागपूरहून फोन करून विचारलं, एवढी घाई कसली होती. मी म्हटलं, चुकलं माझं. मग गाडीला हात लावला नाही. शिवाजी नगरच्या ऑफिसात शेवटच्या दिवसापर्यंत मिनीबसने गेले.

अमृता : आई, तेव्हा टायर कसे होते?

शालिनी : ते ह्यांना विचार. पंधरा दिवस आधी दोन नवे घालून आणले होते.

जयंत : पुढे घातले होते. तेव्हा सगळे पुढेच घालायचे. पुढचे लवकर झिजतात म्हणून.

अमृता : आणि मागचे?

जयंत : ह्या गुळगुळीत टायरांसारखेच.

शालिनी : हे तुमच्या आज लक्षात आलं?

जयंत : नाही.

शालिनी : मग?

जयंत : गाडी सोडवून आणायला गेलो तेव्हा. गॅरेजवाल्याने मागच्या टायरवरून माझा हात फिरवून दाखवला. म्हणाला, साहब, पीछे तो कुछ बचा ही नहीं था, मैडम क्या करतीं. अमृता आत्ता जे बोलली तेच त्याने मला समजावून सांगितलं. आणि म्हणे मी इंजिनिअर.

शालिनी : आणि घरी येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, गाडी तयार झाली.

जयंत : सुचेता दवाखान्यात होती. तुझा वेग जास्त होता, हे सगळ्यांचं ठरून गेलं होतं. मला वाटलं, तू परत चालवायला लागलीस की सांगेन. तू लागली नाहीस. मग जसजशी वर्षं गेली तसतसं ते तोंडाबाहेर काढणं कठीण होत गेलं.

अमृता : बाबा, आत्याच्या भाग्यश्रीच्या लग्नात ती म्हणाली होती, शालिनीवहिनी चालवणार असेल तर मी पायी येते. सगळे हसले. तुम्हीसुद्धा.

जयंत : हो. हसलो.

शालिनी : मीही हसले होते.

अमृता : तू चिडत का नाहीस?

शालिनी : चिडेन. रात्री कदाचित, किंवा उद्या. इतकी वर्षं मी ते वळण मनात घेत आले, अमृता. पाय आधी उचलला असता तर, हात सैल ठेवला असता तर. भाजी चिरतानासुद्धा. त्याचं उत्तर टायरमध्ये होतं आणि ते ह्यांच्याजवळ होतं.

जयंत : शालिनी, मी काय म्हणू आता...

शालिनी : मला काही म्हणू नका. सुचेताताईंना फोन लावा.

जयंत : आत्ता? देवळात गेली असेल ती.

शालिनी : मग येईपर्यंत लावत राहा. इथेच, माझ्यासमोर.

अमृता : मी आत जाऊ का?

शालिनी : तू कशाला जातेस? गाडीत तूही होतीस.

जयंत : हॅलो, सुचेता? जयंत बोलतोय. हो, सगळे बरे आहेत. जरा गाडीबद्दल बोलायचं होतं. अमृताच्या नाही गं, आपल्या तेव्हाच्या. हो, शालिनी चालवत होती, तीच. सुचेता, त्या गाडीचे टायर मी बसवले होते.