रुख्माबाईंच्या तक्त्यातले अकरा दिवस

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील ज्येष्ठ सहकारी, आज निवृत्त होणाऱ्या कामिनी सिस्टर, त्यांचे कुटुंबीय, आणि ड्युटीतून वेळ काढून आलेल्या वॉर्डातल्या सर्व मंडळींनो,

मला सिस्टरांच्या सेवाभावावर बोलायला सांगितलं आहे. त्यावर आधीचे तिघं बोलले. मी एका तक्त्याबद्दल बोलतो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, आटोपतं घेतो.

डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण किती शुद्धीवर आहे, हे आपण डॉक्टर कसं ठरवतो? डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेलं करतो का, हे पाहून गुण देतो. राउंडला एका खाटेपाशी दोन मिनिटं.

उमरेडच्या रुख्माबाई मोटारसायकलवरून पडल्या. सगळं आयुष्य हातमागावर गेलेलं. महिन्यानं डोळे उघडले, पण नजर कुठं ठरेना. मी रोज मोठ्यानं म्हणायचो, "रुख्माबाई, माझा हात दाबा." काही नाही. तक्त्यात लिहायचो, सांगितलेलं करत नाहीत.

एका दुपारी सिस्टरांनी मला अडवलं. "डॉक्टर, परक्या माणसाचा हात ते बाई काहून दाबंल? थांबा जरा."

त्यांनी रुख्माबाईंच्या मुलाकडून, भूपेशकडून, घरचं सूत मागवलं होतं. तुटक्या धाग्याची दोन टोकं त्यांनी बाईंच्या बोटांत दिली. "जोडा वं माय, माग थांबला." बराच वेळ गेला. मग अंगठा बोटावर फिरू लागला, टोकांना पीळ पडला.

"माय सूत सांधून राहिली, साहेब," भूपेश म्हणाला.

मी काय म्हणालो? "आपोआप होणारी हालचाल असेल."

"मंग तुमच्या हातात देऊन पाहू का?" सिस्टर म्हणाल्या. "होते का पाहू आपोआप."

वॉर्ड हसला. मीही हसलो आणि निघालो.

तक्त्यात सुतासाठी रकाना नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. पुढचे अकरा दिवस मी तपासलंच नाही. वरच्या ओळीतला आकडा खाली उतरवला. समोर बसलेल्या डॉक्टरांपैकी ज्यांनी असा आकडा कधीच उतरवला नसेल, त्यांनी हात वर करावा.

बरं.

त्या ओळी पाहून पुनर्वसन विभागानं रुख्माबाईंना खाट नाकारली. सिस्टरांनी नर्सिंगच्या वहीत तारीख-वेळ घालून सुताची नोंद केली होती. ते पान कुणी उघडलं नाही. रुख्माबाई घरी गेल्या. भूपेश फोनवर सांगतो, बोटं आखडत चालली आहेत. फेरतपासणीसाठी मी तीन अर्ज केले. तिन्हींना उत्तर एकच, आधीच्या नोंदी सुसंगत आहेत. सुसंगत असणारच. एकाच माणसानं एकच आकडा अकरा वेळा लिहिलाय.

हे अर्जात लिहायला मी चार महिने घेतले. आज सकाळी चौथ्या अर्जात लिहिलं, सही केली. अर्ज ज्यांच्याकडे जातो, ते विभागप्रमुख व्यासपीठावर आहेत. माझ्याकडे बघत नाहीत, म्हणजे वाचलं असावं.

सिस्टरांना मी विचारलं, तुम्ही तेव्हा आरडाओरडा का केला नाही? त्या म्हणाल्या, "सांगितलं तं होतं तुमाले. अजून कसं सांगतात?"

सिस्टर, तुमचे आभार मानायला मी फार योग्य माणूस नाही, तरी मानतो. अध्यक्ष आणि सभागृह, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घालावं. तक्त्यात झालं, ते मात्र घालू नये.